हॉटेलातला भाडेकरू

"जेवण उत्तम होतं हो ताई, त्याबद्दल तक्रार नाही," वहिनी म्हणाल्या, आणि कुंपणावर कोपर टेकवलं. म्हणजे तक्रार मोठी होती. हातात परडी होती, पण जास्वंदीकडे लक्ष नव्हतं. आदल्या रात्री त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे होते. एवढ्या जणांच्या पोळ्या कोण लाटत बसणार, म्हणून सगळी वरात त्या नव्या एसी हॉटेलात गेली. नाव लिहीत नाही. गंगापूर रोडवरचे निम्मे लोक न सांगता ओळखतील, उरलेले वहिनींना विचारतील आणि त्या सांगतीलच.

तर सूप झालं, पनीर झालं, दाल खिचडी झाली, बिल आलं. ते काळ्या रेक्झिनचं फोल्डर असतं ना, त्यात बडीशेपेच्या पुड्या आणि टूथपिक घालून आणतात, तेच. दादांनी ते उघडलं आणि बिलाच्या घडीतून एक झुरळ बाहेर आलं.

"मोठं?"

"छे हो, नखाएवढं. फिकट तपकिरी. पळालंसुद्धा नाही मेलं. बिलावर उभं राहून मिशा हलवत होतं. जीएसटी मोजत होतं की काय कोण जाणे!"

वेटरने फोल्डर उचललं, फुंकर मारली, झटकलं आणि म्हणाला, "बाहेरून आलं असेल मॅडम." मॅनेजर धावत आला. सॉरी म्हणाला, सगळ्यांना आइस्क्रीम पाठवतो म्हणाला. "आणि आमच्या ह्यांनी ते खाल्लं! दोन स्कूप! वर मलाच म्हणतात, पाहुण्यांसमोर शोभा करू नकोस." झुरळापेक्षा वहिनींचा राग त्या आइस्क्रीमवर जास्त होता.

पाहुण्यांच्या मुलाने मोबाईलवर फोटो काढला होता. वहिनींनी तो मोठा करून मला दाखवला. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या रेघा, शेजारी शेजारी, पट्टीने ओढल्यासारख्या सरळ.

"वहिनी, हे बाहेरून आलेलं नाही," मी म्हटलं.

माझा भाचा राहुरीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकला. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही हा आमच्या घरातला नियम, पण त्याच्याकडून एकदा ऐकलेलं विसरायला होत नाही. मोठं, लालसर, अंगावर उडत येतं ते गटारातलं झुरळ. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की ते कुणाच्याही घरात वर येतं, रोज फिनाईलने फरशी पुसणाऱ्यांच्याही. त्याला पाहुणा म्हणायचं, चप्पल दाखवायची, विषय संपला. हे बारकं मात्र जर्मन झुरळ. उघड्यावर त्याचा निभाव लागत नाही. पंख असून धड उडता येत नाही. माणसाची इमारत सोडून त्याला घरच नाही. ते दिसलं म्हणजे तिथेच मुक्कामाला आहे, भाडं न भरणारा भाडेकरू.

"पण मुळात शिरतं कुठून?"

शिरत नाही, आपणच उचलून आणतो. कोल्ड्रिंकचे खोके, बटाट्याची गोणी, अंड्यांचे ट्रे, जुन्या बाजारातून घेतलेला फ्रीज. एकदा आत आलं की फ्रीजच्या मोटरमागे ऊब मिळते, सिंकखाली ओल मिळते, आणि खायला खरकटं नसलं तर खोक्याचा डिंकही चालतो. मादी अंड्यांची डबी पोटाला लावून हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत खाली ठेवत नाही. एका डबीत 30-40 पिल्लं. ही जात रात्री हिंडणारी, उजेड टाळणारी. भाचा म्हणतो, ट्यूबलाइटखाली, एवढ्या माणसांत, ते जर टेबलावर आलं तर मागे जागा पुरत नाहीये असं समजायचं.

वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं ते पनीर..."

"पनीर झालं ते झालं."

"पण तिथे पेस्ट कंट्रोलचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. मी हात धुताना वाचलं."

असेल की. नुसती फवारणी केली की काही मरतात आणि उरलेली फटींतून पसार होतात. भटारखान्यातली निघतात ती हॉलमध्ये येतात, सोफ्याच्या शिवणीत, मेन्यूकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, बिलाच्या फोल्डरमध्ये. म्हणून हल्ली जाणती माणसं बिजागरीत आणि फटींत जेलचे ठिपके लावतात. झुरळ ते खातं, आपल्या कोपऱ्यात जाऊन मरतं, त्याची घाण आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. पण त्यातही गोम आहे. या आमिषात ग्लुकोज असायचं. अमेरिकेत काही ठिकाणची झुरळं त्याला तोंडच लावेनात, असं 1993 साली तिथल्या संशोधकांनी छापलं. ज्यांना गोड आवडायचं ती मेली, ज्यांना नको होतं ती जगली आणि त्यांची पिढी वाढली. मग 2013 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठाने दाखवून दिलं की या झुरळांच्या तोंडाला ग्लुकोज चक्क कडू लागतं.

"डायबेटिसवाल्यांना लागायला हवं होतं तसं," वहिनी म्हणाल्या. रोख कुणाकडे होता ते सांगायला नको. दोन स्कूप अजून डोक्यातून गेले नव्हते.

बाकी नाव जर्मन असलं तरी बेटा आपल्याकडचाच निघाला. 17 देशांतली झुरळं गोळा करून त्यांची जनुकं तपासली, ते संशोधन 2024 मध्ये आलं. साधारण 2,100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारच्या बाजूला रानातल्या एका झुरळापासून ही जात वेगळी झाली आणि माणसाच्या आसऱ्याला आली. म्हणजे आपल्या पांडवलेण्यात पहिल्या गुंफा कोरल्या जात होत्या त्या सुमाराची गोष्ट. पुढे आधी अरबांकडे, मग डच आणि इंग्रज कंपन्यांच्या मालाबरोबर सगळीकडे. युरोपात लोकांच्या नजरेला आलं तेव्हा 1767 मध्ये लिनियसने त्याला जर्मन ठरवून टाकलं. भाच्याने हे सांगितलं तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं, परस्पर नाव दुसऱ्याच्या माथी गेलं."

वहिनींना इतिहासात रस नव्हता. त्यांनी मला वेगळीकडेच पकडलं. "आणि आपण रविवारी मळ्यातल्या मिसळीला जातो, तिथे माशा नसतात वाटतं? तिथे बऱ्या तुम्ही पाव बुडवून खाता!"

असतात. झाडाखाली टेबलं, शेजारी द्राक्षांचा मळा, पलीकडे गोठा. तर्रीवर माशी घोंघावणारच. आणि माशी काही सोवळ्यातली नव्हे. तिला चावता येत नाही, त्यामुळे ती घासावर लाळ सोडते, तो विरघळला की चोखून घेते. त्याआधी कुठे बसून आली ते विचारायचंच नाही. पण ती उघड्यावरची, उघड्यावर येणार. मालकाच्या हातात एवढंच असतं की तिला जेवायला बोलवायचं नाही. म्हणून मी नव्या ठिकाणी गेले की मेन्यूच्या आधी उष्ट्याचा पिंप शोधते. पिंपावर झाकण असेल आणि टेबल पुसायचं फडकं वास न मारणारं असेल तर बसते. एका ठिकाणी छताला पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टांगल्या होत्या, त्यांना बघून माशा भितात म्हणे. त्यातल्या एका पिशवीवरच माशी बसली होती. आम्ही उठून शेजारच्या मळ्यात गेलो.

घरच्या तांदळात पोरकिडे होतात, रव्याला जाळी धरते. आपण चाळतो, निवडतो, उन्हात घालतो आणि पाहुण्यांना त्याच रव्याचा शिरा वाढतो. कुणाला सांगतो का? वहिनींनी मान डोलावली, पण "ते वेगळं" असंही म्हणाल्या. दुसऱ्याच्या ताटातली माशी दिसते, आपल्या ताटातलं गाढव दिसत नाही, हे त्यांच्याच तोंडून मी समोरच्या काकूंबद्दल अनेकदा ऐकलंय.

आणि खरी गोष्ट त्या काकूंचीच होती, हे आत्ता बाहेर आलं. त्यांच्या मुलीचा साखरपुडा, तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त, दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं, आणि हॉल ठरलाय त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा. ॲडव्हान्स देऊन झालाय.

"आता सांगावं तर म्हणतील, शुभकार्यात विघ्न आणलं. न सांगावं तर उद्या दीडशे माणसांच्या पोटाचं पाप आपल्या डोक्यावर. काल आम्ही निघालो तेव्हा त्या गेटाशीच होत्या. कुठे निघालात विचारलं, मी हॉटेलचं नाव सांगितलं, तर हसल्या आणि आत गेल्या. किती खुशीत होत्या बिचाऱ्या."

"बिल ठेवलंय का?" वरून आवाज आला. वकीलकाका. गॅलरीत पेपर वाचत असतात तेव्हा त्यांना ऐकू येत नाही, असा आम्हा दोघींचा समज आहे.

"फोल्डरमध्येच टाकून आलो काका. हात कोण लावणार त्याला?"

काकांनी चष्मा काढला. खाण्याच्या बिलावर 14 आकडी परवाना क्रमांक छापणं 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचं आहे, तो पाहून ठेवायचा. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आहे, घाणीत अन्न बनवलं तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. फोटो आहे, दादांनी पैसे मोबाईलवरून दिले असतील तर बँकेचा मेसेज आहे, वेळ-तारीख आपोआप आली. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, अन्नसुरक्षा अधिकारी येऊन भटारखाना बघेल. "आइस्क्रीम घेऊन गप्प बसलात तर तो मॅनेजर पुढच्या झुरळाला पुढचं आइस्क्रीम देईल. त्याला ते जेलपेक्षा स्वस्त पडतं."

इथे काका थांबले असते तर ते काका कसले! त्यांनी गोगलगाय काढली. स्कॉटलंडमधलं पेझली गाव, ऑगस्ट 1928. मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नाही. अर्धी ओतून पिऊन झाली, उरलेली ओतली तर कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं. बाई आजारी पडली. पण दावा लावणार कुणावर? पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे हिचा कॅफेवाल्याशी व्यवहारच नाही. बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर मुळीच नाही. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, आणि 1932 मध्ये पाचातल्या तिघांनी बाईच्या बाजूने कौल दिला. लॉर्ड ॲटकिन म्हणाले, आपल्या हलगर्जीपणाने ज्याला इजा होईल हे आधी कळण्यासारखं आहे, तो कायद्याने आपला शेजारी, आणि शेजाऱ्याची काळजी घ्यावीच लागते. आजही निष्काळजीपणाच्या खटल्यात वकील हा निकाल दाखवतात.

"आणि गोगलगाय?" वहिनींनी विचारलं.

"ती कोर्टात सिद्ध झालीच नाही. त्याच्या आत तडजोड झाली."

"म्हणजे होती की नव्हती?"

"कायद्याला त्याची गरज पडली नाही," काका म्हणाले आणि पुन्हा पेपरमागे गेले.

वहिनींचं मात्र ठरलं. शेजारी म्हटल्यावर सांगायलाच हवं. कायदा आहे तसा. कसं सांगायचं याची तालीमही आम्ही केली. आधी मुलीचं कौतुक करायचं, मग जेवणाचं, मग हळूच फोटो. तेवढ्यात समोरचं गेट वाजलं आणि काकू दुधाची पिशवी घेऊन बाहेर आल्या. वहिनींनी हाक मारली. कौतुक वगैरे राहिलं बाजूला, एकदम मोबाईलच पुढे केला.

काकूंनी फोटो लांब धरून पाहिला. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"हं. दिसली का तुम्हालाही? बुकिंगला गेले तेव्हा मी म्हटलं, भटारखाना दाखवा. मॅनेजर दारात आडवा उभा राहिला. तरी त्याच्या खांद्यावरून फ्रीजमागची भिंत दिसलीच मला. म्हणून तर हॉल तेवढा त्यांचा घेतलाय, जेवण आमच्या केटररचं. भांडीसुद्धा तोच आणणार, वरच्या गच्चीवर रांधणार."

वहिनी बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"महिना झाला."

"आणि काल आम्ही पाहुण्यांना घेऊन निघालो, तर तुम्ही नुसत्या हसलात?"

"अहो, पुण्याची माणसं तुमच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "त्यांच्यासमोर सांगून तुमची शोभा कशाला करायची, म्हटलं."