पिकअपभाऊ

वर्ध्यात कुठूनही कुठं जायला पंधरा मिनिटं पुरतात, त्यामुळे घाई करायचं कारण इथं कुणाजवळच नसतं. पिकअपभाऊजवळही नाही. पण त्याचं भांडण पोचण्याशी नाहीच, निघण्याशी आहे. "टॉप स्पीड कोणीबी काढते भाऊ. गाडी उठली कशी, थे पाहा!"

गाडी सेकंडहँड पुंटो अबार्थ. फियाटनं 2015 साली आपल्या रांजणगावच्या कारखान्यातून काढलेली. 145 अश्वशक्ती, हाताचे पाच गिअर, ऑटोमॅटिकची भानगडच नाही. नाकावर विंचू. कंपनी काढणारा कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचा होता म्हणून तो विंचू, हे पिकअपभाऊनं घरात इतक्यांदा सांगितलं की शेवटी आईनं विचारलं, "पण तुही रास तं मेष हाय ना रे?" तेव्हापासून तो हा इतिहास फक्त पानठेल्यावर सांगतो.

त्याला पाहावं ते सिग्नलला. लाल दिव्याचे शेवटचे आकडे उतरू लागले की गॉगल वर जातो, डावा पाय क्लचवर, गिअर पहिला, आणि आरपीएमचा काटा चार हजारांवर थरथरत उभा राहतो. शेजारी स्पर्धक म्हणून एक आर्वीची एसटी, दोन पायांच्या मध्ये गॅस सिलिंडर धरून बसलेला मोपेडवाला आणि शाळेची पोरं भरलेली ई-रिक्षा. कुणालाही आपण शर्यतीत आहोत हे माहीत नसतं. हिरवा लागतो आणि पहिले पाच फूट ई-रिक्षाच पुढे असते. बॅटरीच्या मोटरला क्लच लागत नाही, तिचा जोर शून्यापासूनच हजर. पिकअपभाऊचा क्लच तोवर अजून घासाघीस करत असतो. मग मात्र विंचू सुटतो, पन्नास मीटर पुढे जाऊन गतिरोधकाशी थांबतो, आणि मागून ई-रिक्षा शांतपणे येऊन त्याच्या बाजूला उभी राहते. चौकात जळकट वास राहतो. त्याला तो 'परफॉर्मन्स' म्हणतो.

वासाचा हिशोब सोपा आहे. इंजिन गरगरतंय आणि चाकं उभी आहेत. दोघांच्या मध्ये, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटच्या कात्रीत, क्लचप्लेट. दोघांची गती जुळेपर्यंत ती घासत राहणार. बाराशे किलोची गाडी चार हजार आरपीएमवर धरून सोडली, तर क्लच पुरता बसेतो ती ताशी तीसेक किलोमीटरला पोचलेली असते, आणि जेवढी ऊर्जा गाडीच्या धावण्यात गेली साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन गेलेली असते. एक कटिंग चहाचं पाणी उकळावं इतकी. तीच गाडी दीड हजारावर सोडली असती, तर उष्णता सातव्या हिश्शावर आली असती, कारण हा हिशोब आरपीएमच्या वर्गानं चढतो. एखादी लाँच, म्हणजे असं झटक्यात निघणं, प्लेट पचवते. लागोपाठ चार-पाच मारल्या की तिला निवायला उसंत मिळत नाही, अस्तर जळून गुळगुळीत होतं, प्रेशर प्लेटवर निळे डाग उमटतात. पुढे एक दिवस उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरात इंजिन बोंबलतं, काटा वर जातो, गाडी मात्र जागची विशेष हलत नाही.

हे मिस्त्रीनं त्याला समजावून झालं आहे. त्यावर पिकअपभाऊनं मोबाइलवर कुठंतरी पाहून नवी युक्ती आणली: क्लच हळू सोडायचाच नाही, पाय एकदम काढायचा, म्हणजे प्लेट घासणार नाही. मिस्त्रीनं मान्य केलं. "बरोबर हाय. प्लेट नाई जळत मंग, टायर जळते. अन् टायरनं रस्ता धरला, तं गेअरबॉक्स, एक्सल अन् इंजिनचे माउंटिंग. तू सांग, कोन्तं बिल फाडू?"

तुम्ही म्हणाल, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, तिथं का जात नाही? गेला होता. कंटाळून आला. एकशेवीसच्या मर्यादेत पाचव्या गिअरात गाडी तासन् तास चालते, प्लेट घट्ट चिकटून बसलेली, झीज जवळपास शून्य. क्लचला एवढी विश्रांती त्याच्या मालकीत दुसरीकडे मिळाली नसेल. पण सिग्नल नाही, चौक नाही, बघायला कुणी नाही! त्याला आवडला तो फक्त येळाकेळीचा टोलनाका. दांडा वर गेला की निघायला मिळतं.

हे वेड रक्तातलं असावं. आजोबा शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, नावाजलेले धुरकरी. सरळ दान, घड्याळ सेकंदांचं, आणि सुटतानाच जोडी हुकली की पट गेला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा आजोबा आठवडाभर नीट जेवले नव्हते, आणि मे 2023 मध्ये त्याच न्यायालयानं मान्यता दिली तेव्हा त्यांनी ऐंशीव्या वर्षी फेटा बांधला. नातवाच्या गाडीत ते एकदाच बसले. उतरून म्हणाले, "उठते झकास. पण बापू, बैलाले आम्ही पटाच्या दिवशीच पयवो. बजाराले जातानी नाई." माझ्या मते क्लचवर याहून चांगलं कुणी बोललेलं नाही.

प्लेटचा दुसरा सेट पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला, पाठोपाठ मिस्त्रीचं बिल आलं, आणि वडिलांचा बांध फुटला. वडील निवृत्त शिक्षक. स्विफ्ट चाळीसच्या वर नेत नाहीत, हॉर्नसुद्धा विचार करून वाजवतात. "माझी गाडी बघ," ते म्हणाले, "कधी लाँच केली मी?" आणि तोंडावर सिद्ध करावं म्हणून तीच स्विफ्ट सर्व्हिसिंगच्या निमित्तानं त्याच गॅरेजात घेऊन आले. हल्ली पिकअप जरा कमी वाटतो, एवढी तक्रार होती.

मिस्त्रीनं चक्कर मारली, येऊन गिअरबॉक्स उतरवला. खाली पोत्यावर दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या, एक लेकाची, एक बापाची. दोन्हींचे रिव्हेट बाहेर आलेले, दोन्ही सारख्याच काळ्या.

"सर, तुम्ही पुलावर गाडी ब्रेकवर थांबवता का हाफ क्लचवर?"

"हाफ क्लचवर. मागं जाऊ नये म्हणून."

"अन् बाकी टाइम डावा पाय?"

सर गप्प. पाय क्लचवरच असतो. वेळेवर शोधावा लागू नये म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांनी तो तिथंच ठेवला आहे.

पिकअपभाऊ छताकडे पाहत होता. हसू दाबताना त्याचे कान लाल झाले होते. मिस्त्रीनं हात पुसले, कानामागची पेन्सिल काढली आणि सरांना अदबीनं विचारलं, "एकाच बिलावर घेऊ का दोन्ही? थोडं कमी करून देतो."