षोडशोपचारी

जुने जपानी व्हिडिओ गेम आपल्या भाषेत आणणाऱ्या हौशी लोकांची जगभर एक जमात आहे. तिच्यात दोन पोटजाती. पहिली भाषांतर करते, दुसरी हेक्स एडिटर निवडते.

पहिलीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते लोक कामाला बसतात, काम संपवतात आणि गेम खेळता येतो. 'फायनल फँटसी ५' हा गेम १९९२ साली जपानात सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला आणि तिथेच राहिला. कंपनीला जाग येऊन १९९९ साली त्याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघाली, तोवर हौशी पोरांनी तो इंग्रजीत आणून खेळून संपवलाही होता. 'सेइकेन देन्सेत्सु ३' १९९५चा. हौशी इंग्रजी २००० साली, अधिकृत इंग्रजी २०१९ साली. कंपनीच्या एकोणीस वर्षं आधी फुकटात काम उरकणाऱ्या माणसांवर विनोदी काय लिहिणार?

दुसऱ्या पोटजातीचा अस्सल नमुना आमच्या सोसायटीत बी विंगला राहतो. त्यांना सगळे बापू म्हणतात. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात त्यांनी उमेदीची वर्षं डीटीपीमध्ये काढली, दिवाळी अंकांची पानं लावली, लग्नपत्रिकांतले 'चि. सौ. कां.' सरळ केले. आता व्यवसाय पुतण्याकडे आहे आणि बापूंकडे वेळ. जपानला कंपनीच्या कामासाठी गेलेल्या मेहुण्याकडून त्यांनी अकिहाबारामधून सुपर फॅमिकॉमचं एक करड्या रंगाचं काडतूस मागवलं. हा गेम जपानबाहेर कधी गेला नाही. तो मराठीत आणायचा, असा बापूंचा संकल्प आहे. गेमचं नाव ते सांगत नाहीत. 'सांगितलं की कोणीतरी करून टाकेल,' म्हणतात. एवढ्या वर्षांत ही भीती खरी ठरलेली नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हेक्स एडिटर म्हणजे कुठल्याही फाइलचे कपडे उतरवून आतले नुसते बाइट दाखवणारा प्रोग्रॅम. डावीकडे पत्ता, मध्ये बाइटांच्या रांगा, उजवीकडे त्या बाइटांची अक्षरं झाली तर कशी दिसतील ते. मोजणी सोळाची. शून्य ते नऊ संपले की ए, बी, सी करत एफपर्यंत जायचं, एका ओळीत बाइटही बहुधा सोळाच. या सोळामुळे असेल, पण बापूंची एडिटरची निवड षोडशोपचारांनी चालते. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, सगळं यथासांग. पूजेत निदान शेवटी नैवेद्य तरी असतो.

अडचण उजवीकडच्या रकान्यात आहे. जुन्या गेममधली अक्षरं जगन्मान्य पद्धतीने साठवलेली नसतात. प्रत्येक गेमचा आपला खाजगी तक्ता. एकात अमुक बाइट म्हणजे 'का', दुसऱ्यात तोच बाइट म्हणजे भिंतीची वीट. हे समजून घ्यायला बापूंना एक मिनिटही लागलं नाही, कारण युनिकोड येण्याआधी मराठी डीटीपीवाल्यांचं आयुष्य याच गोंधळात गेलं. श्रीलिपीत लावलेली कादंबरी तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की पानभर रोमन अक्षरांचा भुसा दिसायचा. भुशातून 'प्रकरण पहिलं' वाचू शकणारे ऑपरेटर होते. बापू त्यांतले. त्यामुळे जपानी गेमची फाइल त्यांनी पहिल्यांदा उघडली तेव्हा समोरचा कचरा बघून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं असणार.

तो खाजगी तक्ता एका साध्या फाइलमध्ये लिहून एडिटरला द्यायचा, मग तो कचऱ्याऐवजी अक्षरं दाखवतो. तिला टेबल फाइल म्हणतात. टेबल समजणारा एडिटर हवा, एवढी एकच अट. या एका अटीवर बापूंनी एक तप काढलं.

सुरुवात एचएक्सडीपासून. फुकट, चिमुकला, जडशीळ फाइलही झटक्यात उघडणारा. सगळं जग वापरतं. 'पण त्याला टेबल कळत नाही,' बापू म्हणाले, आणि स्थळात दोष निघाल्यावर मुलीकडचे उठतात तसे उठले. मग विंडहेक्स आणि ट्रान्सलहेक्शन. दोन्ही खास याच कामासाठी हौशी लोकांनीच केलेले, दोघांना टेबल कळतं. 'पण जुने झालेत हो. उद्या विंडोजने दार बंद केलं तर?' तेव्हा मी विचारलं, तुमचा गेम कधीचा? नव्वदीतला. गेम जुना चालतो, एडिटर जुना चालत नाही. मग थिंगी, तो डॉसच्या काळातला, म्हणून त्याच्यासाठी आधी डॉसचं सोंग करणारा डॉसबॉक्स बसवला. डॉसबॉक्सची कोणती आवृत्ती, यावर एक पावसाळा गेला. ०१० एडिटर उत्तम, पण पैसे पडतात, आणि बापू सदाशिव पेठेत वाढलेले. मग इमहेक्स आला. नवा, फुकट, काळ्या पार्श्वभूमीचा, टेबल फाइल घेणारा. आता यात खोट काय काढणार, म्हणून मी उत्सुकतेने वाट पाहिली. बापूंनी आठवडाभर वापरून सांगितलं, 'फारच आहे.'

'काय फार आहे?'

'सगळंच. माणसाला इतकं मिळालं की काम होत नाही.'

या प्रवासातला सर्वांत रम्य मुक्काम म्हणजे स्टर्लिंग. हा जपान्यांनीच जपान्यांसाठी केलेला जुना फुकट एडिटर. शिफ्ट-जिस ही जपानी संगणकांची अक्षरपद्धत त्याला जन्मतः येते. बापूंच्या सुपर फॅमिकॉमच्या गेमला शिफ्ट-जिसचा काडीचा उपयोग नव्हता, त्याचा तक्ता खाजगीच होता. पण 'मूळच्या लोकांचं अवजार' या कल्पनेने ते हरखले. उतरवून घेतला, उघडला, तर सगळे मेनू जपानीत. बापूंना जपानी येत नाही. (हे आधी सांगायला हवं होतं, पण खुद्द बापूही ते फार मोठा मुद्दा मानत नाहीत.) मग असं ठरलं की आधी स्टर्लिंगचे मेनू मराठीत आणायचे. त्यासाठी स्टर्लिंगची फाइल उघडून तिच्यात बदल करायला हवेत. त्यासाठी हेक्स एडिटर हवा. कोणता?

बापू नुसते बाताडे आहेत असा समज होऊ नये. एका संध्याकाळी त्यांनी मला जे करून दाखवलं त्याने मी खरोखर गार झालो. तक्ता माहीत नसताना अक्षरं कशी शोधायची, हा प्रश्न. विजेच्या बिलाच्या मागे त्यांनी लिहिलं: 'ताताकाउ'. लढाईच्या मेनूत हा शब्द येणारच, म्हणजे 'लढा'. 'ता'चा बाइट कुठला ते ठाऊक नाही. पण जपानी अक्षरं क्रमाने लावलेली असतात: आधी आ, इ, उ, ए, ओ, मग का, कि, कु, के, को, मग सा, मग ता. या क्रमात 'ता' सोळावा, 'का' सहावा, 'उ' तिसरा. म्हणजे पहिले दोन बाइट सारखे, मग दहाची उतरण, मग तिनाची. एवढी उतरण फाइलमध्ये कुठे सापडते ते बघायचं. याला रिलेटिव्ह सर्च म्हणतात, आणि तो करणारे तयार प्रोग्रॅम आहेत. बापूंनी लावला. दोन एमबीच्या फाइलमध्ये मोजक्या जागा निघाल्या, त्यातल्या एकीच्या शेजारी मेनूतले उरलेले शब्दही ओळीने बसले होते. एका शब्दावरून सगळा तक्ता मोकळा झाला.

'आणि हा क्रम आपलाच आहे बरं का,' बापू म्हणाले. ते खरं आहे. आधी स्वर, मग क-वर्गापासून खाली, ही शिस्त बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून जपानी अक्षरांना लागली. आपली बाराखडी चीनमार्गे जपानला जाऊन, काडतुसात बसून, मेहुण्याच्या सुटकेसमधून बी विंगला परत आलेली पाहून बापूंचे डोळे पाणावले. त्या भरात ते त्याच रात्री भाषांतराला बसले असते, पण फाइलच्या डोक्यावर ५१२ बाइट जास्त आहेत असं लक्षात आलं. जुन्या काळी काडतुसाची नक्कल उतरवणारी यंत्रं हे बाइट पुढे चिकटवत. ते ठेवले तर सगळे पत्ते ५१२ने सरकतात. बापूंनी ते काढले. मग मूळ नकलेशी प्रामाणिक राहावं म्हणून परत लावले. मग काढले.

दिवाळीत भाची आली. ती रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते. मामा काय करतो ते खांद्यावरून बघत उभी राहिली. पडद्यावर एका रकान्यात सोळा-सोळाचे बाइट, दुसऱ्यात आता अक्षरं.

'मामा, हा म्हातारा म्हणतोय की एका रात्रीची आठ सोन्याची नाणी, आणि पलंगाखाली बघू नका.'

बापू वळले. 'म्हातारा आहे का तो? मला वाटलं धर्मशाळेतली बाई असेल.'

'तू खेळला नाहीस?'

खेळले नव्हते. पहिल्या गावात धर्मशाळेपर्यंत जाऊन, अक्षरांचा आकार आठ बाय आठ ठिपक्यांचा आहे की सोळाचा, एवढं बघून त्यांनी तो बंद केला होता. पलंगाखाली काय आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बाइटांच्या रूपात ते रोज त्याच्यावरून जात होते.

'हे सगळं बोलणं मला एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून दे ना,' भाची म्हणाली. 'मी शेजारी मराठी लिहीत जाते.'

इथे मला वाटलं बापू अडकतील. पण ते म्हणाले, 'त्याला कार्टोग्राफर आहे.' टेबल फाइल आणि वाक्यांचे पत्ते दिले की तो सगळा मजकूर बाहेर काढतो. भाषांतर झालं की ॲटलस नावाचा दुसरा प्रोग्रॅम ते परत आत घालतो आणि मराठी वाक्य लांबलं तर पुढचे पत्तेही सरकवून देतो. भाषांतर करणारी पोटजात असंच काम करते. टेबल बापूंकडे होतं, पत्तेही शोधलेले होते. पंधरा मिनिटांत फाइल निघाली.

'म्हणजे,' मी जपून विचारलं, 'मजकुरासाठी हेक्स एडिटर लागतच नाही?'

'लागतो ना. बघायला लागतो.'

'आणि त्या शेजारच्या खिडकीत काय उघडलंय?'

'एचएक्सडी,' बापू खालच्या आवाजात म्हणाले. टेबलच्या नावाखाली पहिल्याच फेरीत नापास केलेला एडिटर ते दुसऱ्या खिडकीत वापरत होते. बाकीच्यांची परीक्षा घ्यायला.

भाची आता फोनवर मजकूर पाठवते. तिचा जपानीच्या एन-थ्री परीक्षेचा अभ्यास आणि गेममधलं तिसरं गाव बरोबरच चाललंय. पलंगाखाली तळघराची किल्ली निघाली. बापूंनी मात्र त्यात फार लक्ष घातलेलं नाही, कारण नवा प्रश्न उभा राहिलाय. भाषांतर पूर्ण झालं की गेम वाटायचा नसतो, मूळ फाइल आणि बदललेली फाइल यांतला फरक तेवढा पॅच म्हणून द्यायचा असतो. तो आयपीएस पद्धतीने द्यावा की बीपीएस? आयपीएस डोळे मिटून चुकीच्या फाइलवरही चढतो. बीपीएस आधी फाइल तपासतो आणि ५१२ बाइट जास्त निघाले तर नकार देतो. शिवाय आयपीएस सोळा एमबीच्या पुढे जात नाही.

'पण बापू, गेम दोन एमबीचा.'

'आज आहे,' बापू म्हणाले, आणि मला चहा सांगून दोन्हींचे प्रोग्रॅम उतरवायला लागले.