खंडेनवमीचं पातं

न्यू जर्सीतल्या मराठी घरात शस्त्र म्हणावं असं एकच असतं, गॅरेजमधला लॉन मोअर. खंडेनवमीला आम्ही त्यालाच हळदकुंकू वाहतो. मुहूर्तही सोयीचा. तोवर गवताचा जोर ओसरतो आणि पातं काढून बघायला सवड मिळते.

फक्त पूजेआधी या शस्त्राला निःशस्त्र करावं लागतं. टाकीतलं पेट्रोल काढायचं, आणि इंजिन गार असलं तरी स्पार्क प्लगची टोपी उपसून ठेवायची. ठिणगीसाठी याला बॅटरी लागत नाही. पातं हाताने फिरवलं तरी फ्लायव्हीलवरचं चुंबक फिरतं आणि इंजिनाला वाटतं, आपल्याला हाक आली. मग मोअर कुशीवर निजवायचा, एअर फिल्टर वर राहील असा. भलत्या कुशीवर निजला तर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढच्या खेपेला असा धूर निघतो की लोकांना वाटावं, यांच्याकडे होम आहे.

1830 साली इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने मोअर काढला, तो लोकरी कापडाची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून. त्याचा मोअर गवत कातरायचा. आमचं आडवं पातं कातरत नाही, हाणतं. धार गेली की गवत फाटतं आणि लॉनचे शेंडे तांबूस पडतात. शेजारी बोलत नाहीत, पण बघतात.

जाड हातमोजे घालून, लाकडाच्या ठोकळ्याने पातं अडवून नट सोडवायचा. धार बोथट असेल तर कानस आहेच. नंतर पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर लटकवायचं. जी बाजू झुकेल तिला आणखी थोडी कानस.

यंदा मात्र तडा दिसला.

"वेल्डिंग करून घ्या की, जावईबापू," कोल्हापूरहून आलेले सासरे म्हणाले.

"बाबा, हे मिनिटाला 3,000 च्या आसपास फेरे घेतं. तुकडा उडाला तर?"

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "मग नवंच आणा."

नवं बसलं, गवताकडची बाजू खाली आहे ना, हे त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. जुनं मात्र फेकू देईनात. पंच्यात गुंडाळून ते चेक-इनच्या बॅगेत गेलंय. गावच्या लोहाराकडून त्याचा विळा करून घेणार आहेत.