समुद्र भाड्यानं घ्या

हिंगोली जिल्ह्यात ३१ मे हा निवृत्तीचा मोठा दिवस. शाळेत नाव घालताना ज्यांच्या जन्मतारखेच्या रकान्यात गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलं, ती अख्खी पिढी एकाच दिवशी सेवेतून मोकळी होते. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, पाचही तालुक्यांत शाल-श्रीफळ, फेटे आणि निरोपाची भाषणं होतात. पुढं काही महिन्यांत ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण, भविष्य निर्वाह निधी आणि गटविम्याची रक्कम खात्यात जमा होते. एवढा आकडा पासबुकात जन्मात पहिल्यांदा दिसतो आणि बहुतेकांना तो शेवटचाच असतो. मग फोन येतो. "सर, कोकणात सी-टच प्लॉट आहे. दोनच उरलेत. रविवारी गाडी काढू का?"

गाडीत बसण्याआधी माझं ऐका. समुद्राकाठी राहायला जरूर जा. पण फंडाच्या पैशातून तिथं घर किंवा जमीन विकत घेऊ नका.

समुद्राची ओढ खोटी नाही. कयाधू नदीच्या कोरड्या पात्राकडं बघत ज्यानं उन्हाळे काढले, टँकरमागं घागरी घेऊन पळालेली आई ज्यानं पाहिली, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत ज्यानं पत्र्याच्या खोलीत वर्ग घेतले, त्याला डोळ्यांपुढं न संपणारं पाणी हवंसं वाटणारच. सहलीत मुलांना गणपतीपुळे दाखवून आणताना स्वतः मात्र पोरं मोजत उभा राहिलेला हा माणूस आहे. त्याला समुद्र निवांत पाहायचा आहे आणि तो त्याचा हक्क आहे. त्या हक्काचा सौदा करणाऱ्यांवर माझा राग आहे.

दलाल कोकण दाखवतो ते डिसेंबर-जानेवारीतलं. निळं पाणी, पोफळीची सावली, सोलकढी. तुमची निवृत्ती मात्र मे अखेरीस सुरू होते आणि कोकणातला पाऊस जूनमध्ये. दापोलीला वर्षाकाठी सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हिंगोलीच्या साधारण चौपट. चार महिने कपडे वाळत नाहीत, गाद्यांना वास येतो, भिंतींना ओल धरते. खारं वारं खिडकीच्या गजांपासून फ्रिजच्या मागच्या जाळीपर्यंत सगळं लोखंड खातं. छपराची डागडुजी दरवर्षी करावी लागते. ती करायला माणूस मिळावा लागतो आणि त्याच्यामागं उभं राहायला मालक तिथं असावा लागतो.

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडं नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मेमध्ये तौक्ते आलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं आणि महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. धोका आपल्याकडंही आहेच. १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या भूकंपानं अख्खा हिंगोली जिल्हा घराबाहेर आला. पण त्या सकाळी शेजारच्यानं तुमचं दार वाजवलं होतं, भावकीतल्या पोरानं तुम्हाला हाताला धरून अंगणात आणलं होतं. तिकडं दार वाजवायला कोण येणार आहे?

दवाखान्याचं तर स्पष्टच बोलू. साठीनंतर घर निवडताना पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर पुढं काय? हिंगोलीहून नांदेड दोन तासांत गाठता येतं. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं. किनाऱ्यावरच्या छोट्या गावातून मोठ्या उपचारासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं, वाटेत घाट असतो आणि पावसाळ्यात घाटात दरड असते. खुद्द कोकणातली म्हातारी माणसं आजारपणात मुंबईच्या लेकाकडं जातात आणि मागं गावातली घरं कुलूपबंद राहतात. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशेजारी राहिलेल्या माणसांचा हा अनुभव आहे. तो विचारात घ्या.

आता कागद. शेतजमीन घ्यायची तर १९४८ च्या कूळकायद्यानुसार घेणारा शेतकरी असावा लागतो. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर वडिलोपार्जित सातबारा आहे, त्यांचं निभावतं. ज्यांच्या नावावर नाही, त्यांना दलाल सांगतो, "दाखल्याचं माझ्याकडं लागलं." तसल्या दाखल्यावरचा व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. कोकणातल्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग असते. एक काका मुंबईत, एक आत्या बडोद्यात, त्यांचे वारस आणखी कुठं. २००५ पासून मुलींचा हक्कही मुलांइतकाच आहे. एक सही राहिली तरी तुमचं उरलेलं आयुष्य कोर्टाच्या तारखांत जातं. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून चारचौघांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवणाऱ्या योजना तर दारातही उभ्या करू नका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे.

आणि 'सी-टच' या शब्दानंच सावध व्हा. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ पासून लागू आहेत. २०११ आणि २०१९ मध्ये ते नव्यानं आले. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणजे प्लॉट पाण्याला जितका जवळ, तितकं त्यावर घर उभं राहणं अवघड. दलाल जे मोलाचं म्हणून विकतो, तेच तुमच्या घराच्या आड येतं.

एवढं सांगूनही ज्यांना घ्यायचंच आहे, त्यांनी निदान महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. ५०० चौरस मीटरांपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्लॉट-योजनेला तो लागतो. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना महारेरानं २०२४ मध्ये नियमावली घालून दिली आहे. लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल एवढं दार, आधाराचे कठडे, न घसरणारी फरशी हे सगळं त्यात आहे. माहितीपत्रकात नुसत्या पांढऱ्या केसांच्या जोडप्याचा फोटो असेल आणि यातलं काहीच नसेल, तर उठून या.

आता पैसा. अंशराशीकरणाची रक्कम बक्षीस नव्हे. तुमच्याच पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारनं तुम्हाला आगाऊ दिला आहे आणि पंधरा वर्षं तो दरमहा कापला जाणार आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला पूर्ण पेन्शन साधारण त्र्याहत्तराव्या वर्षी परत मिळते. हा पैसा वाळूत घातला, तर त्या पंधरा वर्षांतला औषधपाण्याचा खर्च कुठून काढणार? १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्या, जुनी पेन्शन लागू नसलेल्यांनी तर दुप्पट जपावं.

हिशेब सरळ आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून या खात्याचा दर ८.२ टक्के आहे. तीस लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, वर्षाला २ लाख ४६ हजार. त्यावर कर लागू होतो, हे धरून चाला. एवढ्या व्याजातून हिवाळ्यातले एक-दोन महिने दापोली, गुहागर, मालवण, जिथं मन रमेल तिथं खोली भाड्यानं घेऊन राहता येतं. पर्यटन खात्याच्या 'निवास व न्याहारी' योजनेतली घरगुती घरं आहेत, गावात कुणाची रिकामी माडीही मिळते. यंदा आंजर्ले, पुढच्या वर्षी वेंगुर्ला. मुद्दल जागेवर राहतं आणि समुद्रही मिळतो. त्याच तीस लाखांचं घर घेतलं, तर व्याज बंद होतं, घरपट्टी, वीजबिल, राखणदार आणि डागडुजी सुरू होते. शिवाय हिंगोलीहून रस्त्यानं सहाशे किलोमीटरहून लांब असलेल्या त्या घरी वर्षातून तुम्ही जाणार किती वेळा, याचा विचार करा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, कारण आपल्याकडं हा विषय घरात काढणंच अशुभ मानतात. दोघांपैकी एक जण मागं राहणार आहे, आणि बहुतेक घरांत ती बायको असते. नवऱ्यामागं तिला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षं वाढीव असतं, नंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्क्यांवर येतं. नवऱ्याची पूर्ण पेन्शन असते पन्नास टक्के. म्हणजे ज्या दिवशी ती एकटी पडते, त्यानंतर घरात येणारा पैसा आटतो आणि औषधं वाढलेली असतात. परक्या गावातलं, ओलीनं भरलेलं, चार हिस्सेदारांच्या वादातलं घर त्या बाईनं कसं सांभाळायचं आणि विकायचं झालं तर कुणाला विकायचं? फंडाची रक्कम आधी मागं राहणाऱ्याची आहे. बचत योजनेचं खातं जोडीदारासोबत संयुक्त नावानं असेल, किंवा जोडीदार एकटाच नॉमिनी म्हणून नोंदलेला असेल, तर एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला, योजनेच्या अटींत बसत असल्यास, ते पुढं चालवता येतं. कोकणातल्या प्लॉटला ही सोय नाही.

म्हणून निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सरांना विनंती, निर्णय बैठकीतल्या मित्रांबरोबर घेऊ नका. आतल्या खोलीतून जी पाण्याचे पेले घेऊन येते, तिला समोर बसवा. तीस-पस्तीस वर्षं तुमच्या पगारात घर तिनंच चालवलं आहे. तिला समुद्र हवा आहे की गुडघ्याचं ऑपरेशन, की आणखी काही, हे विचारा. आणि निवृत्त होणाऱ्या बाईंनी हाच पैसा मुलाच्या फ्लॅटच्या हप्त्यात किंवा नवऱ्याच्या हौसेत जाऊ देऊ नये. तो त्यांच्या नोकरीचा आहे, त्यांच्याच नावावर राहू द्या.

दलाल म्हणेल, ऑफर रविवारपर्यंतच आहे. तिकडं लक्ष देऊ नका. तुमची खरी मुदत वेगळी आहे. पंचावन्न ते साठ वयात निवृत्त झालेल्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवायचे असतील, तर निवृत्तीची रक्कम हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. आपले सर अठ्ठावन्नला निवृत्त होतात, म्हणजे हा नियम थेट त्यांनाच लागू आहे. ती मुदत हुकली तर साठ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्या काळात फंड दलालाच्या हाती जायला एक रविवार पुरतो. या ३१ मे ला निवृत्त झालेल्यांनी आधी दोघांनी मिळून पोस्टात जाऊन यावं. प्लॉट पुढच्या वर्षीही विकायला असतील.