दोन सरकारांच्या लाडक्या पिरनवाडीचे पत्र

प्रति,
माननीय कर्नाटक सरकार, बंगळुरू (हिवाळी मुक्काम : बेळगाव)
आणि
माननीय महाराष्ट्र सरकार, मुंबई (हिवाळी मुक्काम : नागपूर)



पत्रास कारण की, तुम्हा दोघांचा आमच्या तब्येतीवर इतका जीव आहे, हे आम्हाला २०२३ साली कळलं. मुंबईने कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्र आपली म्हणतो अशा ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना देऊ केली आणि त्यासाठी ५४ कोटी रुपये जाहीर केले. बंगळुरूने लागलीच कडाडून हरकत घेतली. ज्यांच्या पोटदुखीवरून दोन मुख्यमंत्री भांडतात, त्यांचं भाग्य काय वर्णावं! आमचं अपेंडिक्स नक्की कुणाच्या अखत्यारीत येतं, हा प्रश्नही जमल्यास सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवावा. २००४ पासून तिथे सीमावादाचा दावा पडून आहेच, त्याला तेवढीच सोबत होईल.

एक बारीकशी शंका आहे. ही योजना माणूस इस्पितळात पोचल्यावर सुरू होते. पोचेपर्यंत काय करायचं? आम्ही पिरनवाडीकर त्यातल्या त्यात सुखी. रिक्षात बसलं की उद्यमबाग मागे टाकून बेळगावात. पण आमच्याच फाट्यावरून जांबोटीचा रस्ता फुटतो. त्या रस्त्याने खानापूरच्या जंगलाकडे गेलात तर आमगावासारखी गावं लागतात, जिथून पावसाळ्यात आजारी माणूस बांबूला बांधून खांद्यावरून आणतात. २०२४ च्या पावसात ते दृश्य सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं, हळहळले आणि पुढे ढकललं.

अशा वेळी हाताशी असते ती एकटी आशाताई, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. हजार माणसांमागे एक. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला नेमलं. तेव्हा ठरलेलं पहिल्या वर्षाचं शिक्षण २३ दिवसांचं, पुढच्या प्रशिक्षण पुस्तिकांसाठी आणखी २० दिवस. आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर पोराचा हात बसायला दोन-तीन वर्षं जातात, पण तिथे लोखंड असतं, बिघडलं तर पैसे लागतात. आशाताईच्या हातात नुसतं बाळ असतं.

तिचं काम एकदा जवळून बघा. बाळाला कापडी झोळीत घालून काट्याला लटकवायचं. काटा लाल पट्ट्यात थांबला तर वजन फारच कमी. मग घड्याळ समोर धरून पुरं एक मिनिट छातीकडे बघायचं. श्वास साठ किंवा वर गेला तर धोका, लगेच दवाखाना. एवढ्यात आजी म्हणणार, "अगं, बाळाला तेल लावून आंघोळ घालते, मग काय ते बघ." तर आजीला न दुखावता आंघोळ थांबवायची. हे सगळं जन्मापासून बेचाळीस दिवसांत, बाळंतपण दवाखान्यात झालं तर सहा वेळा, घरी झालं तर सात वेळा. मोबदला, सगळ्या फेऱ्यांचा मिळून, अडीचशे रुपये. आजी बोलते मराठी, बाळंतिणीचं 'तायी कार्ड' आणि रजिस्टर मात्र कन्नड. बाळाचा श्वास अजून कुठल्याच राज्याने आपल्या भाषेत आणलेला नाही, म्हणून निभावतं.

तुम्हाला एकमेकांचं कौतुक सोसत नाही, तरी सांगतो. गावातल्या बाईला हे सगळं शिकवता येतं, हे महाराष्ट्रात गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी करून दाखवलं. तिथल्या आरोग्यदूतांमुळे नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापलं. आणि बाळंतिणीचा रक्तस्राव रोखणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी खेड्यातल्या एएनएम सिस्टरच्या हातून देता येते, हे कुठे सिद्ध झालं? आमच्या बेळगाव जिल्ह्यात. इथल्या जेएनएमसी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह १,६२० बायकांचा अभ्यास केला. गोळी न मिळालेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्के, मिळालेल्यांत ६.४. तोही २००६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. गडचिरोलीची विद्या कर्नाटकात चालते, बेळगावची विद्या जगात चालते. सीमा आडवी येते ती पैसे सोडायच्या वेळी.

पैसे नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. बेळगावात कर्नाटकच्या अधिवेशनासाठी बांधलेलं सुवर्ण विधानसौध २०१२ पासून दिमाखात उभं आहे आणि वर्षातले काही दिवस भरतंही. आमच्या पिरनवाडीत ऑगस्ट २०२० मध्ये एका रात्रीत रायण्णांचा पुतळा उभा राहिला आणि त्यावरून वाद पेटला. संगोळ्ळी रायण्णा आणि शिवाजी महाराज, दोघेही आम्हाला वंदनीय. तोडगाही लगोलग निघाला : पुतळा रायण्णांचा, चौक महाराजांचा. मोठमोठे अधिकारी धावून आले होते. तेव्हापासून आमच्या मनात येतं, की आशाताईचाच एक दगडी पुतळा बसवावा. दगडाला प्रशिक्षण लागत नाही, प्रवासखर्च लागत नाही, मानधन थकलं तरी तो मोर्चा काढत नाही.

जिवंत आशाताई काढतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जिनिव्हात गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्याच बाया बंगळुरूच्या फ्रीडम पार्कात दिवसरात्र ठाण मांडून बसल्या, तेव्हा कुठे महिना किमान दहा हजारांचं आश्वासन मिळालं. आशांना नेमणाऱ्या आरोग्य अभियानाचे साठ टक्के पैसे दिल्लीचे, चाळीस राज्याचे. म्हणून बंगळुरूने दिल्लीकडे बोट दाखवायचं आणि दिल्लीने बंगळुरूकडे. मुंबईला या हिशेबात स्थानच नाही, त्यामुळे ती निर्धास्तपणे आमच्यावर प्रेम करते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमची तर तीन घरं झाली.

तेव्हा भांडण चालू ठेवा, आमची ना नाही. मधल्या सुट्टीत एवढं करा. आशाताईचं शिक्षण दरवर्षी ठरल्या दिवशी होऊ द्या आणि त्या दिवसांचा बुडालेला रोज तिला द्या. काटा बिघडला तर महिनाभरात नवा द्या. कन्नड पुस्तिकेच्या जोडीला मराठी पुस्तिका द्या. ती छापायलाही नको. महाराष्ट्रातल्या आशांसाठी ती केव्हाच तयार झालेली आहे. मुंबईने एक टेम्पो भरून पाठवावा आणि बंगळुरूने तो कोगनोळी नाक्यावर अडवू नये. पोलिसांनी ताडपत्री उचलून खुशाल खात्री करून घ्यावी, आत एकही पुढारी सापडणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करून निधी वाढवावा, ही विनंती.

आपला,
दोघांचाही नम्र लाभार्थी,
मुक्काम पोस्ट पिरनवाडी