ताडपत्रीवरची घसरगुंडी

अवो काकू, भांडण नाही बाप्पा! गडचिरोलीवरून नणंदेचे पोट्टे आले, त्याइचाच गलका हाये हा. मागच्या अंगणात पाण्याची घसरगुंडी केली त्याइनं. दिवसभर कूलरपुढं पडून मोबाइलसाठी एकमेकाइचे केस ओढत होते. शेवटी मीच म्हणलं, जा, काय उकरायचं ते उकरा.

सामान घरचंच. पायव्याची माती तशीच पडून होती ना, तिलेच फावड्यानं उतार दिला. गोटे वेचले, वर तणीस हातभर पसरलं आन् त्याच्यावर धान झाकायची ताडपत्री. ते वरच्या टोकाले दगड ठेवून राहिले होते. मी म्हणलं, घसरून डोक्यात येतीन, उचला! मग रेतीची पोती ठेवली. पाइप गच्चीवरच्या टाकीचा, पण पहिलं पाणी बादलीत काढायचं बरं का, काळ्या टाकीतलं पाणी म्हणजे चहाचं आधण. ताडपत्रीही तशीच तापते, म्हणून पाचच्या आत कोणी चढायचं नाही. 2019 च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात पारा 48 वर गेलता, आठवते ना?

पाणी लय गेलं असन म्हणता? नाही जाऊ देत. शहराले पाणी इरई धरणाचं, वीज केंद्राले पण तिथलंच. उन्हाळ्यात नळ सोडून ठेवायले मन होते का कोणाचं? ताडपत्री एकदा भिजली की बारीक धार पुरते. खाली चर खोदून सारं पाणी लिंबाच्या आळ्यात सोडलं. लहानगा म्हणे, भांड्याचा साबण टाकू, झपकन जाते. त्याले म्हणलं, लिंबाले पाजतो का साबण? आन् डोळ्यात गेला तर बोंबलशीन.

नवं काय आहे त्यात, काकू? माहं माहेर सावलीकडचं. कोहळी लोकाइनं बांधलेले जुने मालगुजारी तलाव हायेत ना आमच्या भागात. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव राहिले. पावसाळ्यात भरले की सांडव्यावरून पाणी पडे, आन् आम्ही शेवाळलेल्या दगडावरून घसरून फ्रॉक मागून फाडून आणत होतो. आसोलामेंढ्याले तर आता पावसाळ्यात जत्राच भरते. पण तिथली धार पाहूनच छाती धडधडते, लेकरं नाही सोडत मी.

मोठा भाचा मोबाइलवर वाचून सांगे, अमेरिकेत अशी प्लास्टिकची पट्टी 1961 पासून विकते. एका बापानं पोराले ओल्या सिमेंटवर घसरताना पाहिलं आन् त्याच्यावरून काढली. पण 1993 मध्ये तिथल्या सरकारनं बजावलं, मोठ्या माणसाइनं जायचं नाही. लेकरू हलकं, सरळ खाली जाते. मोठं माणूस वजनानं मधातच गपकन थांबते आन् सारा भार मानेवर येते. लोकाइचे मणके गेले म्हणे.

हे आमच्या ह्याइच्या समोरच वाचलं. तरी म्हणे, पालथा नाही जात, बसून जातो. बसले. अर्ध्यात अडकले. उठायले गेले, तर ताडपत्रीच संगं घेऊन खाली! तणीस सगळं अंगाले. तवापासून पोट्टे त्याइले पाहिलं की पोटं धरून हसतात.

तुमच्या नातीले पाठवा पाचनंतर, जुने कपडे घालून. आन् काकाजीले यायचं असन तर पाइप धरायले या म्हणा.