ऐकूनच सांगतो!

झरी जामणीच्या चहाटपरीवर बसून हा गृहस्थ रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचं दुखणं सांगतो. मुकुटबनकडून सिमेंटचा ट्रक आला की पन्नीतला खर्रा घोटता घोटता मान कलती करतो आणि म्हणतो, "क्राउन गेला याचा." ट्रक पांढरकवड्याच्या दिशेनं दिसेनासा होतो, त्यामुळे निदान खोटं ठरायची सोय उरत नाही. अशा माणसाला भाऊच म्हणायचं असतं.

तरुणपणी भाऊ वणीकडच्या कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. एवढ्या भांडवलावर त्यानं जे शास्त्र उभं केलं, त्यात आजार तीनच: क्लचप्लेट, कार्बोरेटर आणि भेसळीचं तेल. नव्या मोटारींतून कार्बोरेटर केव्हाच हद्दपार झाला, हे त्याला कोणी कळवलेलं नाही. हातात पाना मात्र तो धरत नाही. बोल्ट फिरवणाऱ्याची चूक उघडी पडते; सांगणाऱ्याची पडत नाही.

मे महिन्यात गावातल्या एका घरी पुण्याचे जावई आले, ऑटोमॅटिक गाडी घेऊन. परतीच्या दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरला चिकटून बसली. बोनेट उघडलं, तोवर भाऊ हजर.

"क्लचप्लेट गेली, जावईबापू."

"अहो, या गाडीला क्लचच नाही."

"म्हणूनच तं म्हणतो, गेली!"

अखेर वणीहून एक पोरगा स्कॅनर आणि मल्टिमीटर घेऊन आला. स्कॅनरनं कोड दाखवला, पी ०७१३. म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारं व्होल्टेज जरुरीपेक्षा जास्त. मग त्यानं तापमानाचा आकडा काढला: उणे ४० अंश. सावलीतही अंडं उकडावं अशा उन्हात! गर्दीला घाम पुसायचंही भान राहिलं नाही. भाऊ तेवढा शांत होता.

"एसी लई लावला असन."

पोरानं वाद घातला नाही. सेन्सरमध्ये एक थर्मिस्टर असतो, त्यानं समजावलं. तेल तापलं की त्याचा रोध कमी होतो, थंड झालं की वाढतो. वायर तुटली तर रोध अमर्याद, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, तेल गोठलंय. वायर बॉडीला टेकली की उलटं. तेल उकळतंय असं वाटतं. आकड्यावर भरवसा उरला नाही की गिअरबॉक्स वाचवायला कॉम्प्युटर गाडीला एका गिअरमध्ये डांबून ठेवतो.

"मंग सेन्सर बदलून टाक," भाऊनं फर्मावलं. शास्त्रात चौथा आजार दाखल झाला होता.

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या पोटात असतो. तो बदलायचा तर खालचा पॅन खोलून तेल काढावं लागतं. म्हणून पोरानं आधी कनेक्टर काढला आणि सेन्सरच्या दोन पिनांवर मीटर लावला. रोध त्या उन्हाला साजेसा निघाला. सेन्सर निर्दोष! मग बोटांनी वायर चाचपत गेला, तर एका जागी वरचं प्लास्टिक कुरतडलेलं आणि आतली तार तुटलेली. गाडी रात्रभर तुरीच्या कट्ट्यांजवळ उभी होती. उंदरानं आपलं काम केलं होतं. तार जोडली, टेप गुंडाळली, कोड पुसला. आकडा एका उडीत उणे चाळिसावरून माणसांत आला.

"म्या सांगतलं नव्हतं? गाडीत काहीच खराबी नाही म्हणून!" भाऊ म्हणाला. असं तो कधीच म्हणाला नव्हता, पण गर्दीतल्या निम्म्यांना ते आता आठवू लागलं.

भाऊला हसणं सोपं आहे. पण वणीचा पोरगा येईपर्यंतचे दोन तास कोणी निभावले? गाडी ढकलून लिंबाच्या सावलीत कोणी आणली, जावयाच्या लेकरांना माठातलं पाणी कोणी पाजलं, आणि मुळात त्या पोराला फोन कोणी लावला? कोणत्या दुखण्यावर कोणत्या गावचा पोरगा बोलवायचा, हे निदान भाऊचं आजवर चुकलेलं नाही. बाकीची निदानं तो येईस्तोवर वेळ काढायला असतात.

निघताना जावयानं पोराला पैसे दिले आणि नंबर मात्र भाऊचा घेतला.

"कवाही लावा फोन," भाऊ म्हणाला. "इंजिनजवळ धरा फक्त मोबाइल. इथूनच सांगतो."